साडूंनी पारखलेली नाव

वस्तू विकत घेण्याआधी तिचा जीव घेणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. कचेरीत ते नाझर होते. सरकारी खुर्च्या-टेबलं मोजता मोजता, जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला फसवायलाच जन्माला आली आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. छत्री घ्यायची तर दुकानातच ती उघडून दुकानदाराला वरून पाणी ओतायला लावायचे. खाट घ्यायची तर भर बाजारात तिच्यावर तासभर झोपायचे, घोरायचेसुद्धा. माझं लग्न ठरताना त्यांनी मला रस्त्याच्या टोकापर्यंत चालवून परत आणलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "चालते बरा, पन डाव्या पायात कमी वाटते." मी काय बाजारात आणलेला बैल होतो? तेही मी गिळलं. नावेचं मात्र आजही गिळवत नाही.

साठ-एकसष्टच्या सुमारास लोहाऱ्याजवळ एका ठेकेदाराच्या आवारात अल्युमिनियमच्या दोन जुन्या नावा विकायला पडल्या होत्या. बाभुळगावकडच्या एका भोयाला त्यातली एक हवी होती. त्याचा लाकडी डोंगा सडला होता, घरात चार लेकरं होती, आणि नावेशिवाय तलावाच्या मधोमध जाळं टाकता येत नव्हतं. नाझरसाहेबांसारखा पारखी नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याचं तोंड मला अजून पाहायचं आहे.

भोयानं दोन्ही नावांवरून हात फिरवला. एक लांब, ऐसपैस. दुसरी आखूड, बुडाशी चेपलेली. "मोठी बेस हाय साहेब," तो म्हणाला. "जाळंबी मावते अन् मानूसबी." विषय तिथेच संपायला हवा होता. जन्म पाण्यावर काढलेला माणूस सांगत होता! पण साडू म्हणाले, "जर्मनचा गंज घेतो तं पानी भरून पाह्यतो का नाही? मंग हे काय वेगळं हाय?" अल्युमिनियमच्या पातेल्याला आमच्याकडे जर्मनचा गंज म्हणतात. त्यांनी मोठी नाव दोन टोकांना दोन दगड देऊन उचलून ठेवायला लावली आणि मला विहिरीवर धाडलं. मी मास्तर माणूस, हाताला सवय खडूची. तळहात सोलवटले, तरी नाव काठोकाठ भरेपर्यंत बादल्या ओढत राहिलो. "साहेब, नाव पान्यात ठेवाची असते," भोई हळूच म्हणाला. साडूंनी त्याला हातानंच गप्प केलं. मध्ये आधार नाही, आणि पोटात एवढं वजन. कर्रकन आवाज झाला, पत्रे जोडणारे मधले रिबीट उपटले आणि सगळं पाणी माझ्या चपलांवरून वाहून गेलं. साडू शांतपणे म्हणाले, "पाह्यलं मास्तर? फुटकी होती."

संताप संताप झाला माझा. ती नाव ठेकेदारानं साडूंच्याच गळ्यात मारली, एवढा तरी न्याय झाला; पुढे कितीतरी वर्षं मेहुणी तिच्यात मूगवड्या वाळवायची. पण भोयाला आखूड, चेपलेलीच नाव न्यावी लागली. जाळं अर्धं बाहेर लोंबायचं, दोन फेऱ्यांचं काम चार फेऱ्यांवर जायचं. मला राहवलं नाही. भर रस्त्यात साडूंना नको नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, त्याले चार लेकरं हायेत. मी निवडलेली नाव बुडाली असती तं?"

त्यानंतर दर रविवारी साडू एसटीनं तलावावर जाऊ लागले. भोई त्या चेपक्या नावेतून आत गेला की तो परत येईपर्यंत काठावर उभे राहायचे. स्वतःला पोहता येत नव्हतं. काही झालं असतं तर करणार काय होते, देव जाणे. मलाही विचारायचे, "येता का मास्तर?" मी रागात होतो. एकदाही गेलो नाही.

साडू वारले, त्यानंतरच्या रविवारी मी गेलो. भोयानं आधी काठावर साडू उभे राहायचे त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसा मास्तर, येळ लागते मले," म्हणाला आणि नाव पाण्यात लोटली. साडूंवरचा राग गेला नव्हता, पण तो काढायला आता साडूच नव्हते, याचं फार वाईट वाटलं. भोई परत येईपर्यंत मी उभाच होतो.