एकही रोप न मोडता

रविवार, ७ डिसेंबर २००३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. अकराव्या किकेला स्कूटर सुरू झाली आणि मागून नातू म्हणाला, "आजोबा, उशीर झाला तर घेणार नाहीत."

निवड चाचणी आठ वाजता होती आणि मैदान पंधरा मिनिटांच्या अंतरावर. सौभाग्यवती ओट्यावर शाल गुंडाळून उभी होती. उत्तर तिने दिले.

"घेणार नाहीत कसे? तुझे आजोबा दारात उभे राहिले की मैदानच आधी रांगेत उभं राहतं."

मी चौतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर पंचवटीच्या पलीकडे वडिलार्जित मळ्यात दीड एकर शेवंती लावली. मुलगा कारखान्यात आहे. त्या रविवारी त्याची पहिली पाळी होती, म्हणून हे काम माझ्याकडे आले. फुटबॉल या खेळाविषयी माझे मत त्या दिवसापर्यंत असे होते की, बावीस जणांना पुरेसे काम नसले की तो खेळला जातो.

चेंडू घरात आणला तो नातवाच्या मामाने, सातव्या वाढदिवसाला. मामाला स्वतःचे मूल नाही आणि शेतही नाही. अशीच माणसे अशा भेटी देतात. आमच्याकडे मोकळी जागा म्हणाल तर विहिरीपासून गोठ्यापर्यंतची चार हात. बाकी सगळी शेवंती. पहिल्याच आठवड्यात चेंडूने सात रोपे आडवी केली. मी नियम घातला: रोपाला चेंडू लागला किंवा पाय लागला, तर चेंडू दोन दिवस कोठीत. मोडलेले रोप ज्याने मोडले त्याने उभे करायचे, बुडाशी माती टाचेने दाबायची, आणि ओळ सरळ आहे की नाही हे एक डोळा मिटून पाहायचे.

पहिल्या वर्षी चेंडू बहुतेक काळ कोठीतच होता. दुसऱ्या वर्षी तो क्वचित कोठीत गेला. तिसऱ्या वर्षी तो मुलगा दोन ओळींमधल्या सरीतून, वीतभर पावले टाकीत, चेंडू पायाला चिकटवल्यासारखा या टोकाहून त्या टोकाला नेई आणि एक पाकळी हलत नसे. मी हे खिडकीतून पाहत असे. पाहतो आहे हे त्याला कळू देत नसे.

नाशिकच्या बारा वर्षांखालील मुलांचा संघ निवडायचा होता. अठरा जागा होत्या. तो दहाचा. गेला महिनाभर तो जेवताना टेबलाखाली पाय हलवीत होता आणि झोपेत एकदा "इकडे, इकडे" असे ओरडला होता. त्याला दुसरे काहीही नको होते. हे त्याने मला सांगितले नाही, आजीला सांगितले, आजीने मला सांगितले आणि वर म्हणाली, "तुम्हाला सांगायला घाबरतो. म्हणतो, आजोबा सिद्ध कर म्हणतील."

मैदानावर साठ-सत्तर मुले आणि त्याहून जास्त पालक होते. थंडी अशी की सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. पालकांच्या अधिक, कारण ते अधिक बोलत होते. एक आई मुलाला भिजवलेले बदाम एकेक करून भरवीत होती आणि तो बुटांची नाडी बांधता बांधता गिळत होता. एका वडिलांनी उकडलेल्या अंड्यांचा डबा आणला होता आणि मुलगा दिसत नव्हता, म्हणून ते स्वतःच खात होते. जवळजवळ प्रत्येक मुलाच्या पायात खिळ्यांचे नवे बूट होते. आमच्याकडे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे होते, खडूने पांढरे केलेले.

माझ्या शेजारी चांदवडहून जीप घेऊन आलेले एक कांदा बागाईतदार येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, त्यावर मफलर, हातात उसाचा तुकडा.

"मास्तर ना तुम्ही?"

"होतो. कशावरून ओळखलं?"

"उभं राहण्यावरून. तुमचा कोणचा?"

"पिवळ्या सदऱ्यातला."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. "लय बारीक हे."

"आहे."

"खातो का नाय?"

"खातो."

"मग जातं कुठं?" असे म्हणून त्यांनी आपला मुलगा दाखवला. बारा वर्षांखालचा असल्याचा दाखला त्यांच्या खिशात होता आणि तो असणे गरजेचे होते. "आमच्या मळ्यात ह्याला उभा केला तर पाखरं बसत नाय," ते म्हणाले.

तेवढ्यात प्रशिक्षक समोरून आले. गळ्यात शिट्टी, हातात वही. मला पाहिले आणि वही पाठीमागे गेली, टाचा जुळल्या.

"सर! तुम्ही इथे?"

वीस वर्षांपूर्वी हा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसे. वर्तुळ हाताने काढी आणि कंपासने काढले असे सांगे.

"आलो आहे," मी म्हणालो. "आज तू मला ओळखत नाहीस. इथे माझा कोण आहे हे मी सांगणार नाही आणि तू विचारणार नाहीस."

"बरं, सर."

"जा."

तो गेला. चांदवडकरांनी उसाचा तुकडा तोंडातून काढला. "च्यायला, मास्तर, वशिल्याचं दार उघडं, अन् तुम्ही आतून कडी घातली!"

पहिली परीक्षा चेंडू नेण्याची होती. मैदानावर दहा प्लास्टिकचे शंकू एका ओळीत ठेवले होते. मुले त्यांना 'कोन' म्हणत होती. मी तो शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलेला आहे. त्यांच्यामधून नागमोडी चेंडू न्यायचा, शेवटाला वळून परत यायचे, आणि घड्याळ लावून मोजायचे. मुले सुटत, शंकू उडवीत, चेंडूमागे धावत. पालक ओरडत. बदामवाली आई म्हणत होती, "हळू!" आणि तिचे यजमान त्याच क्षणी म्हणत होते, "पळ!" मुलगा दोघांचे ऐकून मध्येच थांबला.

नातवाची पाळी आली. त्याच्या आधीच्या मुलाने पाचवा शंकू आडवा केला होता आणि तो कुणी उचलला नव्हता.

शिट्टी वाजली. मी खिडकीतून पाहत असे तेच आता उघड्यावर पाहिले. पहिले चार शंकू त्याने असे ओलांडले की कडेची कुजबुज थांबली. "आयला," चांदवडकर म्हणाले, "चेंडूला दोरी बांधली का काय?"

पाचव्या शंकूशी तो थांबला.

चेंडूवर एक पाय ठेवला. वाकून शंकू उभा केला. त्याच्या बुडाभोवतीची माती टाचेने दाबली. मग एक पाऊल मागे आला, डावा डोळा मिटला, ओळ पाहिली, पुन्हा वाकला आणि शंकू दोन बोटे उजवीकडे सरकवला. पुन्हा डोळा मिटला. समाधान झाल्यावर चेंडू घेऊन पुढे निघाला.

मैदान हसले. सत्तर मुले, त्यांचे पालक, कुंपणाबाहेरचा दूधवालासुद्धा. प्रशिक्षक घड्याळ हातात धरून ओरडले, "अरे बागवान, रोप नाहीये ते! पळ!"

तो पळाला. बाकीचे नऊ शंकू हलले नाहीत. वेळ मात्र सर्वांत शेवटच्या पाचांत आली.

"हे खूळ त्याला कुणी लावलं?" चांदवडकरांनी विचारले.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, उसाचा उरलेला तुकडा मोडला आणि अर्धा मला दिला. मी घेतला.

दुसरी परीक्षा सामन्याची होती. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. पहिल्या भागात मला माझ्या नियमाचे संपूर्ण फळ पाहायला मिळाले. चेंडू त्याच्याकडे आला की तो सुरेख निघे. पण समोर मुलगा आला की वाट सोडून देई, बाजूने जायला जागा नसली तर थांबे, आणि जो येई त्याला चेंडू नेऊ देई. कुणाच्या अंगाला अंग लागू देत नव्हता. खांद्याने धक्का देणे, पाय घालून चेंडू काढून घेणे, यातले काही त्याच्याकडून होईना. त्याच्या लेखी समोर उभे असलेले सगळे काही लावलेले होते आणि ते मोडायचे नव्हते. चांदवडच्या मुलाने तर त्याच्याकडून चार वेळा चेंडू असा घेतला जसा भाजीबाजारात ठेवलेला मुळा उचलावा.

प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिले. त्याचा चेहरा मी ओळखतो. वर्गात उत्तर येत नसले की तो असाच दिसे. या वेळी उत्तर येत होते आणि ते आवडत नव्हते.

मध्यंतरात मुले पाणी प्यायला कडेला आली. नातू माझ्यापाशी आला. खाली पाहत होता. "सगळे हसले," तो म्हणाला.

"हसले."

"मी जाणार नाही संघात."

हे वाक्य त्याने प्रश्नासारखे म्हटले. चाचणीत मध्येच बोलणे मला मान्य नाही. पेपर सुरू असताना मी कधी कुणाला इशारा दिला नाही, स्वतःच्या मुलालासुद्धा नाही. तो अजून त्याची आठवण काढतो. पण इथे चुकीचे सूत्र फळ्यावर मीच लिहिले होते.

"इथे एकही रोप नाही," मी म्हणालो. "पाय घाल."

त्याने वर पाहिले. "कुणाला लागलं तर?"

"चेंडूसाठी लागलं तर चालेल. मुद्दाम लागलं तर मी आहे."

"आणि चेंडू कोठीत?"

"नाही."

"नक्की ना, आजोबा?"

मी एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगत नाही. "नक्की," मी दुसऱ्यांदा सांगितले.

दुसऱ्या भागाची पहिली दहा मिनिटे काहीच बदलले नाही. मग चांदवडचा मुलगा चेंडू घेऊन निघाला, आणि आमचा समोर उभा राहिला. तो थांबला, तेव्हा मला वाटले, आता वाट देणार. त्याने डोळे मिटले, दोन्ही, आणि खांदा पुढे करून शिरला. पाय चेंडूवर पडला. तो मोठा मुलगा एक कोलांटी घेऊन चिखल नसलेल्या जागेतसुद्धा चिखल शोधून त्यात बसला. शिट्टी वाजली नाही. चेंडू आमच्याकडे होता.

"अरं! मास्तर!" चांदवडकर उडालेच. "तुमच्या बारक्यानं माझा खांब पाडला!" ते हसत होते आणि मफलर हवेत फिरवीत होते. त्यांचा मुलगा कपडे झटकत उठत होता.

आमचा चेंडू घेऊन पाच पावले गेला, थांबला, वळला, परत आला आणि त्या मुलाला हात देऊन उभे करू लागला. चेंडू मागे तिसऱ्याच कुणी नेला.

"टाचेनं दाबू नको म्हणावं!" चांदवडकर म्हणाले. मी हसलो नाही. उसाचा तुकडा चावला.

पावणेअकराला प्रशिक्षकांनी नावे वाचली. मुले बसली होती, पालक उभे होते. चांदवडचा मुलगा सहावा. अंड्यांच्या डब्यावाल्यांचा मुलगा अकरावा. तो शेवटी सापडला होता. पंधरा, सोळा, सतरा. नातू जमिनीवर बोटाने रेघ ओढीत होता. रेघ सरळ होती. अठरावे नाव त्याचे होते. "राखीव," प्रशिक्षक म्हणाले.

तो उठला नाही. बसल्या जागी त्याने रेघेच्या टोकाला एक ठिपका दिला. मग उठला.

सगळे पांगल्यावर मी प्रशिक्षकाला गाठले.

"माझा नातू आहे म्हणून घेतलास?"

"नाही, सर."

"तुला ठाऊक होतं."

"पाचव्या शंकूला कळलं, सर. एक डोळा मिटून रेघ बघणारा दुसरा कुणाचा असेल?" तो आता माझ्यासमोर बराच सैल उभा होता. "घेतलं ते एका धडकेसाठी आणि पहिल्या चार शंकूंसाठी. पण खरं सांगतो, तो धडक द्यायला शिकला नाही तर वर्षभर बाकावर बसेल. मी उतरवणार नाही."

"उतरवू नकोस."

"घरी सराव कुठे करतो?"

"शेवंतीत."

तो हसला, मग हसणे योग्य नाही असे वाटून थांबला. "सर, मग जरा मोकळी जागा बघा."

वाटेत नातू म्हणाला, "राखीव म्हणजे संघातच ना?" मी म्हणालो, संघातच. मळा आल्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला. "धडक कशी शिकतात?"

दुपारी जेवून मी कुदळ घेतली आणि विहिरीकडच्या तीन ओळी उपटायला लागलो. रोपे बहरात होती. सौभाग्यवती बाहेर आली.

"अहो, हे काय? अजून पंधरवडा फुलं निघाली असती."

"कीड होती."

"काल संध्याकाळपर्यंत तर नव्हती."

"आज आली."

तिने नातवाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "एका दिवसात तीन ओळींना? फार सरळ रेषेत लागली हो कीड."

तीन ओळी निघाल्यावर आठ हात रुंद पट्टा झाला. वरंबे फोडून सपाट केले. मग मी चप्पल काढून पट्ट्याच्या मधोमध उभा राहिलो आणि नातवाला म्हणालो, "चेंडू माझ्या पायाशी आहे. घे."

"तुम्हाला धक्का देऊ?"

"खांद्याने. हाताने नाही."

"हाड मोडलं तर हळद मी लावणार नाही," ओट्यावरून आवाज आला. "आधीच सांगते."

पहिल्या वेळी त्याने माझ्या बाजूने वळसा घातला. दुसऱ्या वेळीही. मी जागेवर उभा राहिलो. सातव्या वेळी तो खरोखर शिरला. मी मागे गेलो आणि शेवंतीच्या चौथ्या ओळीत बसलो. माझ्याखाली दोन रोपे होती. तो धावत आला, मला उठवले, आणि मी कपडे झटकेपर्यंत ती दोन्ही रोपे उभी करून टाचेने माती दाबत होता. डावा डोळा मिटलेला होता.

"राहू दे," मी म्हणालो. "ती मी मोडली. मी लावतो."

लावली. तोवर सहा वाजले. पाटाच्या तोंडाशी गेलो, पट्ट्यातली माती कडक व्हावी म्हणून त्या बाजूला दोन फावडी माती लोटली आणि तिकडचे पाणी बंद केले.