सहा मार्कांचं ठिगळ

समोरच्या माणसाचं कापड ते आधी बघत, चेहरा नंतर. कॉलर, पडदा, छत्री, जे हाताला येईल ते चिमटीत धरून ताणायचं, त्यावर मधल्या बोटाने टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. पसंत पडलं तर म्हणायचे, "स्वीट ॲज," म्हणजे तिकडच्या बोलीत झकास. नाही पडलं तर नुसतं, "हं." हॅमिल्टनमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांची ही सवय तुम्ही पाहिली असतीत, तर तुमचाही माझ्यासारखाच गैरसमज झाला असता. कारण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुंपणावरून वाकून माझ्या वाळत घातलेल्या साडीला टिचक्या मारत होते.

"खळ कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

"स्टार्च, मी," मी ऐटीत इंग्रजीत म्हणाले. त्यांनी टोपी काढली.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी लेकीकडे सहा महिने राहायला गेले होते. तेव्हा मी तरुण होते, एकसष्ट वर्षांची, आणि तरुण माणसाचा सगळा शिष्टपणा माझ्या अंगात होता. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेलं. निघताना पर्समध्ये लाल पेन्सिल टाकली, तर लेक फोनवर म्हणाली, "आई, न्यूझीलंडमध्ये लाल पेन्सिल कशाला?" म्हटलं, असू दे, चुका तिथेही होत असतील.

लेक तिथल्या इस्पितळात फार्मासिस्ट. एकदा ती ट्रेनिंगसाठी दोन दिवस वेलिंग्टनला गेली. मी आजोबांना कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"वेलिंग्टन्स. आमची हीप्स ऑफ वेलिंग्टन्स, ढिगांनी गेली. काही समुद्रात बुडाली. एक बटाट्याच्या शेतात सापडलं. एक तर जागच्या जागी जळलं."

ते भूकंपाचं गाव आहे, हे मी ऐकून होते. पण ते आधीही बुडालंय आणि एकदा बटाट्याच्या शेतात सापडलंय, हे लेकीने माझ्यापासून लपवलं होतं. मी घरात जाऊन तिला फोन लावला.

"तू आहेस तिथून निघ. ते गाव बुडतं."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंगसकट बुडशील."

संध्याकाळी जावयांनी मला खाली बसवून समजावलं. ते गावाच्या उत्तरेच्या 'ते रापा' भागातल्या दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर; समजावताना कागदावर चित्र काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वेलिंग्टन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर विमान. धातूच्या पट्ट्यांची टोपली विणावी तसा सांगाडा, आणि वरून चक्क कापड. लिननचं. कापडावर उग्र वासाचं रोगण फासलं की ते तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जायचं. शेजारचे आजोबा तरुणपणी इथून इंग्लंडला गेले होते ते ही विमानं शिवायला. वडिलांचा खोगिरं शिवायचा धंदा, त्यामुळे हातात सुई होतीच.

एवढं ऐकल्यावर माझा शिष्टपणा दुप्पट झाला. म्हणजे आजोबा माझ्याच खात्यातले निघाले.

मग कुंपणावरच्या गप्पा वाढल्या. विमानाला ते 'ती' म्हणत. ती रात्री जायची आणि सकाळी भोकं घेऊन यायची. गोळ्यांची भोकं, पक्ष्यांची भोकं. एकदा तर छावणीत पाळलेल्या बकरीने शेपटीचं कापड खाल्लं, आणि वरच्या साहेबांना कारण काय लिहून द्यायचं यावर दोन दिवस खल झाला. मी पोट धरून हसले. तेही हसले, आणि शेवटी नेहमीचं वाक्य म्हणाले, "परत आली तर शिवता येते."

हे वाक्य ते कशालाही लावत. त्यांचं मांजर आठवडाभर गायब होतं तेव्हा म्हणाले. आमच्या कुकरची शिट्टी उडून त्यांच्या गुलाबांत पडली तेव्हाही म्हणाले. मी आपली समजत होते, म्हातारा विनोदी आहे.

एके दिवशी ते घडी केलेलं लिनन घेऊन आले. मधोमध वीतभर चीर पाडून ती मच्छीकाट्याच्या टाक्याने शिवलेली. "तुम्ही टीचर. मार्क द्या," म्हणाले.

वाचकहो, शहाण्या बाईने विचारलं असतं की हे काय आहे. मी चष्मा लावला, लाल पेन्सिल काढली. सुरुवातीचे टाके सुबक, पुढचे लांब, घाईतले. शेवटी दोरा कात्रीने न कापता दाताने तोडलेला, त्याचा शेपटा लोंबत होता. मी कोपऱ्यात लिहिलं: दहापैकी सहा. वर माझ्या इंग्रजीत तोंडी शेरा दिला, टाके सारखे नाहीत, शिवणाऱ्याने घाई केलीय: "नॉट इव्हन. ही हरी."

"येस," ते म्हणाले. "ही हरी." घडी घातली आणि गेले. त्यानंतर चार दिवस कुंपणावर आले नाहीत.

पाचव्या दिवशी लेक त्यांची रिकामी ताटली परत द्यायला गेली आणि तासाभराने लाल डोळ्यांनी आली.

"आई, तू काय केलंस?"

मग तिने सांगितलं ते असं. एका संध्याकाळी आजोबा एका विमानाच्या शेपटीजवळची चीर शिवत होते. गावात नाच होता. अर्ध्या टाक्यांनंतर त्यांनी घाई केली, दोरा दाताने तोडला आणि सायकलवर टांग मारली. त्या रात्री विमान गेलं ते परत आलं नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. वहीत एवढंच लिहिलं गेलं की परतले नाही. आत सहा जण होते. त्यातल्या एकाची पँट आजोबांकडे उसवलेली शिवायला आली होती. ती शिवून तयार होती आणि घालायला कोणी नव्हतं. साठ वर्षं हा माणूस तीच चीर तशाच घाईने पुन्हा पुन्हा शिवून बघत होता, आणि शेवटी तपासायला आला होता माझ्याकडे.

मी सहा दिले होते. सहा जण, सहा मार्क.

दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेले. माफी मागायला इंग्रजी सुचेना, म्हणून डबाच पुढे केला. त्यांनी शंकरपाळ्यालाही टिचकी मारली.

"सगळे मला सांगतात, तुझी चूक नव्हती," ते म्हणाले. "बायको म्हणाली, पाद्री म्हणाला, डॉक्टर म्हणाला. टाका कुणीच बघितला नाही. तुम्ही बघितलात." मग म्हणाले, "सहा मार्कांचं टिकतं का, टीचर?"

मी आयुष्यभर परकर-पोलकी तपासलेली. त्यातलं एकही कधी उडालं नव्हतं. म्हटलं, "नो आयडिया. टेस्ट."

जावयांना फक्त 'टेस्ट' हा शब्द ऐकू यायचा अवकाश. त्यांनी जुनी लाकडी खिडकीची चौकट आणली. आजोबांनी सहा मार्कांचं ते लिनन तिच्यावर ठोकलं आणि गॅरेजमधलं रोगण फासलं. शनिवारी ती चौकट गाडीच्या टपावर उभी बांधून आम्ही 'ते रापा'च्या सरळ रस्त्याला लागलो. आजोबा पुढे बसले होते. घोट्याच्या वर येणारी, जुन्या राखाडी-निळ्या रंगाची पँट घालून. ती कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. मागे लेक फार्मसीचा प्रथमोपचाराचा डबा मांडीवर घेऊन म्हणत होती, "मी या घरात जन्मले, याला माझा इलाज नाही."

ताशी शंभरला टपावर ढोल वाजू लागला. मागे निळे-लाल दिवे लागले.

पोलीसबाई खाली वाकल्या, तिथल्या माओरी भाषेत नमस्कार करून म्हणाल्या, "किया ओरा. वर काय आहे?"

"वेलिंग्टन," आजोबा म्हणाले.

बाईंनी चौकटीकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं. "वेलिंग्टन दक्षिणेला आहे. तुम्ही उत्तरेला चाललायत."

जावयांनी कागदावर चित्र काढायला घेतलं, तेव्हा बाईंनी घाईने दोऱ्या तपासल्या आणि हळू घरी जा म्हणून सोडून दिलं.

हळूच चाललो होतो. समोरून दुधाचा प्रचंड टँकर गेला, त्याच्या वाऱ्याचा फटका बसला आणि ढोल थांबला. मागे बघितलं तर चौकट कुंपणावरून कुरणात गेलेली.

जावयांनी गाडी बाजूला घेतली. आजोबा उतरले नाहीत. पँटच्या गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिले. "गेली," एवढंच म्हणाले.

मग मी उतरले. कुंपण विजेचं होतं हे मला माहीत नव्हतं. त्याने मला अशी टिचकी मारली की मी ओलांडायच्या ऐवजी पलीकडेच पडले. गाई गोल करून उभ्या होत्या, एकीचा पाय चौकटीवर. "हट्" म्हटलं, तर त्यांना मराठी येईना. शेवटी लाल पेन्सिल उगारली, तेव्हा सरकल्या.

चौकट मोडली होती. लिनन दोन ठिकाणी टराटरा फाटलं होतं, काठापासून काठापर्यंत. मी गुडघ्यावर बसून चष्मा लावला आणि शिवलेली चीर बघितली. सुबक टाके बघितले, मग घाईतले बघितले, एकेक. एकही उसवला नव्हता.

गाडीशी येऊन ते फाटकं कापड मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. जावई सांगायला लागले की खऱ्या विमानाचा वेग बघता हे काही... मी त्यांना चिमटा काढला.

"मला माहीत आहे," आजोबा म्हणाले. "ती याच्या तिप्पट वेगाने जायची. पण तिच्या वाटेत दुधाचा टँकर नव्हता." त्यांनी टाका चिमटीत धरून ताणला. टिचकी मारली. कान दिला.

"आता किती, टीचर?"

मी सहा खोडून खाली लिहिलं. "नऊ."

"नऊच?"

"दोरा दाताने तोडलाय."

ते हसता हसता रडले, की उलट, ते मला अजून सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी मी पुन्हा गेले, तेव्हा शेजारच्या दोरीवर दुसऱ्या कुणाचे टॉवेल होते. आजोबांच्या पुतणीने माझ्यासाठी लेकीकडे पाकीट ठेवलं होतं. त्यात शिवलेल्या चिरेभोवतीचं चौकोनी कापड. माझे खोडलेले सहा, त्याखाली माझे नऊ, आणि त्याखाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात विनंती: कृपया पेपर पुन्हा तपासावा.

ते कापड साताऱ्याला माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. फेरतपासणी मी अजून केलेली नाही. लोंबता दोरा दिसला की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो, तीस वर्षांची खोड. त्या कापडावर तो दोऱ्याचा शेपटा अजून तसाच लोंबतो आहे.