जनरेटर मागं घेणारा जावई

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता, ती तिथंच होती. बाकीच्यांना सांगायचं म्हणजे — पण थांबा. आधी गाडीचं सांगतो. गाडीचं सांगताना माझी जीभ कशी सुरळीत चालते, ते तुम्हीच बघा.

माझ्याकडं पिकअप आहे. चांगली दणकट, मागं लांब डाला असलेली, आणि गॅसवर चालणारी. घेतली तेव्हा जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गॅसवर चहा होते बाप्पा. गाडी कुठी चालते काय?" मी मोठ्या मनानं हसलो. घरात येऊन दोन दिवस रुसलो.

बडनेऱ्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत कामाला आहे. अकोल्याहून रोजचं अपडाऊन. बाकीचे शहाणे रेल्वेनं जातात, मी पिकअपनं. रिकामा डाला मूर्तिजापूरच्या आसपास असा खडखडतो की कॉलेजच्या फाटकावरचा शिपाई मला न बघताच वहीत हजेरी मांडतो. गॅसच्या पंपावर रांग असते. त्या रांगेत मी डबा खाल्लाय, दाढी केलीय, एका पुतणीचं स्थळसुद्धा जमवलंय. आणि सुटीच्या दिवशी, लग्नसराईत, याच गाडीमागं माझा भाड्यानं द्यायचा जनरेटर लागतो. दोन चाकांवरचं, हत्तीच्या पिलाएवढं धूड. त्याला मी ट्रॉलीच म्हणतो. सपाट रस्त्यावर गॅसवर गाडी राणीसारखी चालते; मागं जनरेटर आणि समोर चढ आला की दम खाते, मग पेट्रोलचं बटण दाबून तिची समजूत काढायची. पण थांबली नाही कधी. अमरावती म्हणू नका, तिवसा म्हणू नका, ज्या मंडपात आम्ही गेलो तिथले दिवे गेले नाहीत. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता छातीवरचा हात काढतो.

मला ती ट्रॉली मागं घेता येत नाही.

पुढं कितीही सांगा — नागपूर, खामगाव, घाट असो. पण मागं? स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रॉली डावीकडं जाते, हे मला कळतं. वहीवर काढून दाखवीन. सीटवर बसलो की मात्र हाताला आठवत नाही, आणि गाडी आणि ट्रॉली रागावलेल्या नवरा-बायकोसारखी एकमेकांकडं तोंड फिरवून उभी राहतात. मग धंदा चालला कसा? नंदामुळं. माझी बायको. प्रत्येक लग्नाला ती सोबत येते. लोकांना मी सांगतो, "तिले फिरायची हौस हाय." मंडपाशी पोचलो की मी उतरतो, ती स्टेअरिंगवर सरकते. मी मागं जाऊन डाल्यावर थापा मारत ओरडतो — येऊ दे, येऊ दे, डावीकडं घे, अजून येऊ दे, बस्स. तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडं गाडी मागं येत असली की जो मागं उभा राहून ओरडतो, गाडी त्यानंच आणली असं सगळे धरून चालतात. चालवणारा नुसता हात हलवणारा. आणि चालवणारी असली तर मग बोलूच नका.

नंदाचं माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या बागांतलं. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा ट्रॅक्टर होता आणि एक नियम होता: पोरीच्या जातीनं ट्रॅक्टरले हात लावायचा नाही. शिकवायचं तर विलासला, म्हणजे तिच्या भावाला. नंदा शिकली ती चोरून. आबा दुपारी पडवीत घोरायला लागले की ट्रॉली जोडून बागेच्या दोन ओळींमधून मागं, पुढं, मागं. विलासला ती पहारा द्यायला लावायची. लग्नानंतर तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी किती हसलो होतो. तेव्हा हसू येण्यासारखंच होतं.

मग विलासच्या मुलीचं लग्न आलं. पाटाच्या कडेला शेतात मंडप. जनरेटर अर्थातच जावयाचा. आम्ही गॅसच्या रांगेत अडकून उशिरा पोचलो, आणि त्या उशिराला कारण काय, गाडी कशी गुणाची, हे नंदाला समजावण्याच्या भरात मी मंडपाचं फाटक ओलांडून पाटावरच्या रस्त्यानं बराच पुढं गेलो. समोरून नवरदेवाची बस. तिच्यामागं गाड्यांची रांग. एका बाजूला पाण्यानं भरलेला पाट, दुसऱ्या बाजूला बागेचं तारेचं कुंपण. बस मागं जाणं शक्य नाही. जनरेटर सोडून ढकलावा, तर उतार पाटाकडं. म्हणजे मागं जायचं होतं ते आम्हालाच — थेट फाटकापर्यंत, ट्रॉलीसकट.

मी प्रयत्न केला. का केला, विचारू नका. सासुरवाडी होती. दुसऱ्याच झटक्यात ट्रॉली तिरपी झाली आणि तिचं एक चाक पाटाच्या काठाशी जाऊन टेकलं. बसमधून पोरं उतरली. नवरदेवाचा एक मामा खिडकीतून म्हणाला, "आज नवरदेव पोवत येते वाटते." मंडपातून आबा आले, विलास आला, निम्मा गाव आला. नंदा हळूच म्हणाली, "उतरा तुमी. मागं जाऊन वरडा नेहमीसारखं."

मी उतरलो. थापा मारल्या. ओरडलो.

आणि नंदानं काय केलं माहीत आहे? आधी गाडी थोडी पुढं घेऊन ट्रॉली सरळ केली. शालूचा पदर खोचला. काच वर केली — माझा आवाज येऊ नये म्हणून. मी डावीकडं म्हणालो, ती उजवीकडं फिरवायची. मी थांब म्हणालो, ती आली. दोन्ही आरशांत बघत, एका लयीत, ते धूड तिनं पाट आणि तार यांच्यामधून असं मागं नेलं की जणू दोरीनं ओवलं. मामाची मान खिडकीतून बाहेर आली ती आत जायला तयार नाही. फाटकाशी आल्यावर एक वळण, आणि जनरेटर मंडपामागं जिथं पाहिजे तिथं. बस मोकळी. बँड सुरू. मी आयुष्यात पुष्कळ गाड्या पाहिल्या. असं मागं येणं त्याआधी पाहिलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. कुणासाठी — ते तुम्ही ओळखलंच असेल.

लोक माझ्याभोवती जमले. विलासनं मला उचलायचाही प्रयत्न केला, वजनामुळं तो बेत सोडला. इथवरसुद्धा मी गप्प राहिलो एवढंच पाप म्हणता आलं असतं. पण आबा आले. ते थेट माझ्याशी बोलले नाहीत. आधी त्यांनी गाडीकडं पाहिलं. नंदा काच खाली करून घाम पुसत होती. तिच्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. त्या बघण्यात काहीतरी होतं — मी ते ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं असं आज म्हणणं म्हणजे आणखी एक खोटं. मग त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "जावाईबापू, पोरीले येते काय हो गाडी?"

एक शब्द हवा होता. येते. बस.

मी म्हणालो, "छे हो आबा. मी सांगत गेलो, तशी ते फिरवत गेली."

आबांच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी विझलं. त्यांनी मान हलवली, आणि भर मंडपात, मंगलाष्टकांच्या आधी, मला टोपी घातली, गळ्यात शेला टाकला, नारळ दिला. नंदाच्या हातात त्यांनी नवरीची पिशवी दिली — "हे आत नेऊन ठेव." ती घेऊन गेली. मी बघत होतो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर तिनं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकली असेल. असं वाटून घेणं किती सोपं असतं, नाही? पुढं मी तो किस्सा सांगत सुटलो. कॉलेजात, पंपावर, बारशात. दरवेळी पाट थोडा रुंद होत गेला, रस्ता थोडा अरुंद. नंदा समोर असली तर पाणी आणायला उठायची. आणि तरीही पुढच्या लग्नाला ती माझ्यासोबत येत होती, काच वर करून ट्रॉली मागं घेत होती.

यंदा संत्रा तोडायच्या वेळी आम्ही वरूडला गेलो. आबा आता फारसे चालत नाहीत. बागेत खुर्ची टाकून बसतात. विलास आणखी मजूर आणायला गेलेला. संत्र्यांनी भरलेली आबांची ट्रॉली आमच्या पिकअपला लावली होती आणि ती शेडच्या दारापर्यंत मागं न्यायची होती. दोन्हीकडं क्रेटच्या थप्प्या, मधली वाट अरुंद. नंदा स्टेअरिंगवर बसली. मी सवयीनं मागं गेलो, हात वर केला, तोंड उघडलं.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमी आबाजवळ बसा."

आवाज चढलेला नव्हता. पण मी गेलो आणि आबांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो. तोडणाऱ्या बाया हातातलं काम थांबवून बघत होत्या. मागं कुणी नाही, थापा नाहीत, येऊ दे नाही. गाडी आली. एकदाही थांबली नाही, पुढं गेली नाही, क्रेटला धक्का नाही. ट्रॉली शेडच्या दारात अशी लागली की बाया तिथूनच माल उतरवायला लागल्या. एक म्हणाली, "माय वो, ताई, आमाले बी शिकव."

नंदा उतरली. आबांनी तिला जवळ बोलावलं.

"कवा शिकली हे?"

"तुमी दुपारी झोपत होते तवा. आपल्याच ट्रॅक्टरवर."

"अन् इलास?"

"तो पहाऱ्यावर होता."

आबा हसले. हसता हसता खोकले, पुन्हा हसले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही. तिचा हात धरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "माई पोरगी. पाह्यली काय? एका दमात लावली." नंदा माझ्याकडं बघत नव्हती, तिला गरजच नव्हती. इतकी उंच दिसत होती ती त्या बागेत, की मला माझ्याच बायकोची ओळख नव्यानं झाली. त्या दुपारी बागेतलं सगळं तिचं होतं.

मग आबा माझ्याकडं वळले. "म्हणजे मंग त्या लग्नात —" एवढंच म्हणाले आणि थांबले. वाट बघत राहिले.

मी म्हणालो, "मजूर आले वाटते," आणि उठलो.

मजूर आलेले नव्हते.

त्या लग्नात गाडी नंदानं काढली. मी मागं उभा राहून चुकीचं ओरडत होतो, आणि आबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो.