विरजणाला नाही म्हणू नये

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत पेशींना खाऊ घालत होते. हातात मोजे, म्हणून फोन खिशात वाजू दिला. मूळपेशींपासून फुप्फुसातले जंतू गिळणाऱ्या पेशी आम्ही तिथं वाढवतो. काम आटोपून बाहेर आले, मग भावाचा निरोप ऐकला. ज्या जातीच्या जंतूनं आत्याला नेलं, त्याच जातीचे जंतू गिळताना त्या पेशी मी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. याला काय म्हणावं...

आत्या अंथुर्ण्याची. घर उसाचं, पण तिची ख्याती दह्याची. सुरीनं कापावं असं घट्ट! गल्लीतलं कुणी ना कुणी वाटी घेऊन दारात उभं असायचंच. "इरजणाला न्हाय म्हनू नये," हा तिचा नेम. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, हा रिवाजही तिनं धाब्यावर बसवला होता. "लक्ष्मीला काय घड्याळ कळतं व्हय?" या वाक्यापायी सासूबाईंनी म्हणे तिच्याशी अबोला धरला होता.

लहानपणीच्या क्षयानं तिच्या फुप्फुसाचा एक भाग कायमचा खराब झालेला. तिथं जंतू ठाण मांडून बसत, आणि औषधं दरवर्षी थोडी कमी लागू पडत. मी मात्र सुट्टीला गेले की कामाची फुशारकी मारायचे. थोड्या पेशी घ्यायच्या, उबेत ठेवायच्या, खायला द्यायचं. त्या वाढल्या की त्यांच्यापासून जंतू खाणाऱ्या पेशी करायच्या. "म्हंजी इरजणच की!" ती म्हणाली. "आनि कोंबड्या किडं टिपत्यात तशा त्या जंतू टिपत्यात." मी हसून हो म्हटलं. उंदरांना गुण आल्याचं रंगवून सांगितलं. माणसाला द्यायला अजून किती अवकाश आहे, ते ओझरतं. तिच्या डोळ्यांतलं कौतुक मला हवं होतं, दुसरं काय.

शेवटची भेट बारामतीच्या दवाखान्यात. जंतू एकाही औषधाला जुमानत नव्हता. आत्याचा आवाज खोल गेलेला. माझा हात धरून ती म्हणाली, "तुज्याकडं हाय न्हवं ते... वाटीभर न्हाय मागत. इरजणापुरतं दे."

मी नाही म्हटलं. माणसांवर त्या पेशींची चाचणी झालेली नाही, श्वास आणखी कोंडू शकतो, परवानगी नाही... सगळं खरं होतं. आजही मी हेच सांगेन. तिनं मान हलवली. "आसू दे. तू न्हाय म्हनतीस म्हंजी कायतरी आसंल." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. विरजणाला कधी कुणाला नाही न म्हटलेल्या बाईनं एकदाच काही मागितलं, ते माझ्याकडे, आणि ते माझ्याजवळ होतं.

तेराव्यानंतर तिचं दह्याचं गाडगं पाहिलं. कोरडं. दवाखान्याच्या धावपळीत विरजण कुणी राखलंच नव्हतं. वाटी घेऊन शेजारच्या सुमनकाकूंकडे निघाले, पण दिवे लागलेले पाहून त्यांच्या दारातूनच वळले. त्यांनी हाक मारली. "थांब गं. तुज्या आत्याचंच हाय हे. तुला न्हाय कसं म्हनू?"

ते दही आता पुण्यात माझ्या घरी लागतं. सकाळी चमचाभर बाजूला काढून ठेवते आणि पेशींना खाऊ घालायला जाते. त्या छान वाढताहेत, आत्या. अजून कुणाला देता येत नाहीत.