डोनेशनचा फोन आणि जोशीकाका

मंडळी, आज सकाळी माझ्या जुन्या फ्रॅटर्निटीतून, म्हणजे इथल्या अमेरिकन कॉलेजमधल्या मुलांच्या बंधुमंडळातून, डोनेशनसाठी फोन आला आणि सगळं बदललं.

माझं जिच्यावर प्रेम होतं त्या रियानं नाही म्हटल्यावर मी कॉलेज अर्धवट सोडलेलं. अजूनही डोक्यात तीच. त्यात हा फोन! भडकलो, आणि बॉथेल गावातल्या माझ्या घरून ड्राइव्ह करत थेट फ्रॅटर्निटीच्या घरी, फ्रॅट हाउसवर गेलो.

तिथे जुने मेंबर जोशीकाका फोनची लिस्ट घेऊन बसलेले.

"काका, माझं नाव काढा. मी डिग्री घेतलेली नाही!"

"आधी बस. इथे डिग्रीवर कोणी भाऊ होत नाही. पैसे राहू देत, शनिवारी फोन करायला ये. मधेच सोडून गेलेल्यांशी तूच नीट बोलशील."

तुम्हाला असं कुणी हक्कानं परत बोलावलंय का?

"शनिवारी नऊला येतो," एवढंच बोललो, बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.