हा उतरल्यावर पाणी बदला

"याला लघवी कळते का? तलावात सोडायचंय म्हणून विचारतो."

इचारणारा क्लबचा अध्यक्ष. इचारलं माझ्या बायकोला. मी त्याच्या म्होरंच चाकाच्या खुर्चीत बसलो हुतो. उघडा, चड्डीवर, मांडीला लघवीची पिशवी बांधलेली. समोर खुर्च्या माणसांनी भरल्या हुत्या.

बायको खाली मान घालून म्हणली, "पिशवी लावलीया. कुठं सांडत न्हाई."

भर बाजारात कुणाचं ऐकून घेणारी बाई न्हवं ती. त्या दिवशी तिचा आवाज बारीक निघाला. त्याचा राग मला आजबी हाय.

मी कुंडलचा. विहिरीत मोटरीच्या पाइपाच्या बुडाचा फुटवॉल्व्ह गाळात रुतला की मला बोलावणं यायचं. दम धरून खाली जायचं, काळ्या पाण्यात हातानं चाचपायचं, दोरी सोडवायची, नवी बांधायची. मग उसाच्या ट्रॉलीवरनं पडलो. मणका गेला. कमरेखाली काय कळत न्हाई. तवापासनं लोक माझ्यादेखत बायकोला इचारत्यात, "ह्यास्नी च्या चालतो का?" जीभ काय मोडली न्हाई माझी.

सांगलीत विश्रामबागला हा पोहायच्या तलावाचा क्लब अपंगांना स्कूबा शिकवणार असं कळलं. ज्याला जमंल त्याला मालवणला समुद्रात नेणार. शिकवणारा मास्तर कोकणातला. त्यानं पाठीला हवेचं सिलिंडर बांधलं, पाय वर तरंगू नयेत म्हणून घोट्याला वजनं लावली आणि मला खाली नेलं. पाण्याखाली पहिला श्वास घेतला आणि रडलो. मास्कात रडलं तर कुणाला कळत न्हाई. जमिनीवर मला उचलायला दोन माणसं लागत्यात. तिथं छाती भरली की मी वर, सोडली की खाली. कुणाच्या बापाची गरज न्हाई.

मास्तर म्हणला, "तुम्ही दमानं श्वास घेता. समुद्रात पहिले तुम्हीच." दुसरं काय नको हुतं मला. ध्यास म्हणा, येड म्हणा, समुद्राचा तळ बघायचा हुता.

शेवटच्या दिवशी हा कार्यक्रम, लघवीचं इचारलं तो. शाल, नारळ, फोटोवाला. अध्यक्षानं माझ्या कमरेला दोरी बांधायला लावली. वासराला बांधत्यात तशी. मास्तर म्हणला, "दोरी नको, मी सोबत आहे."

"काही झालं तर उत्तर आम्हाला द्यायचंय. फोटो झाला की ओढून काढा."

मास्तरनं खाली बघत गाठ मारली.

पुढच्या रांगेतली एक बाई म्हणली, "उद्या सकाळी मुलांचा क्लास आहे. पाणी बदलणार ना?"

अध्यक्षानं माईकवरच सांगितलं, "हे लोक उतरल्यावर पाणी बदलणारच. काळजी नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची पोरं त्यात रोज मुतत्यात, ते तीर्थ. आमची पिशवी बंद, तरी इटाळ.

मी खाली गेलो. फोटो झाला. दोरीला हिसका बसला. पाठीवर पडलो, पाय मागनं फरफटत आले. माझा हात आपसूक गाठीवर गेला. अंधाऱ्या विहिरीत जे केलं ते इथं उजेडात करायचं हुतं. दोरी जरा सैल पडली तशी गाठ सोडली. तलावात उतरायच्या लोखंडी शिडीच्या खालच्या दांडीला दोरी बांधली, फुटवॉल्व्हला मारतो तशी घट्ट. म्हणलं, आता ओढा.

आणि तळाला बसलो.

मास्तर समोर आला. बोटं गोल करून इचारलं, ठीक? मी बोटं गोल केली. त्यानं वर बोट दावलं. मी मान हलवली, न्हाई. त्यानं माझ्या सिलिंडरचा काटा बघितला. हवा निम्म्याच्या वर हुती. मग तोबी शेजारी बसला.

वर दोरी ताणली हुती. डोकी जमली हुती. बायकोनं नंतर सांगितलं, सगळी ओरडत हुती आणि ती एकटी म्हणत हुती, "ओढा की. तुमास्नी लय घाई हाय न्हवं."

हवा कमी झाली तसा मी माझा वर आलो.

"उपकार केले तर माजलास," अध्यक्ष म्हणला. "यादीतून याचं नाव काढा."

काढलं. माझ्यासंगं शिकलेले बाकीचे मालवणला गेले. मोबाइलवर फोटो आले. प्रत्येकाच्या कमरेला दोरी. पाटणचा एका हाताचा दोस्त हुता, त्याच्याबी. त्या दिवशी ह्यातला एकबी माझ्या बाजूनं बोलला न्हवता. मी फोटो बघत बसलो आणि जेवलो न्हाई.

मग मास्तरचा फोन. "माफीचा एक व्हिडिओ पाठवा. पुढच्या वेळी घेतील."

मी म्हणलं, "खाली माझ्याजवळ बसला हुता. वर आल्यावर जीभ कुठं गेली तुमची?"

त्यानं फोन ठेवला. बायको चुलीपाशी हुती. म्हणली, "आवं, माफी मागितली तर मी ह्या घरात ऱ्हाणार न्हाई."

मागणार न्हाई. समुद्र काय क्लबाच्या कंपाउंडात न्हाई. दोरी बांधून नेलेल्या एकेकाच्या दारात जाणार हाय. आधी पाटणला. तोंडावर इचारणार, दोरी तुला पायजे हुती का? शिव्या देतील, हाकलतील, देऊ दे. एक जरी 'नको हुती' म्हणला तरी दोघं समुद्रात जाऊ. कुणीच तसं म्हणला न्हाई तर मी एकटा मालवण गाठीन. कमरेला कुणाला हात लावू देणार न्हाई. आणि वर कवा यायचं, ते मी ठरवणार.