चौदा नंबरचा रेफरन्स

चौदा नंबरचा रेफरन्स काही केल्या सापडत नव्हता. लेखकांची नावं होती, जर्नलचं नाव होतं, पान क्रमांकही होता. पण ऑनलाइन शोधलं की त्या पानावर मूतखड्याबद्दलचा भलताच लेख निघत होता.

मी भोपाळला बाग सेवनियात घरूनच काम करते. डॉक्टरांचे शोधनिबंध जर्नलकडे जाण्याआधी त्यांची भाषा आणि रेफरन्स नीट लावून देते. त्याआधी बरीच वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत होते. रेफरन्सचं काम सांगायला सोपं आहे. लेखात कुठलंही विधान केलं की ते कुठून घेतलं हे सांगावं लागतं. विधानापुढे छोटा आकडा, आणि लेखाच्या शेवटी त्या आकड्यासमोर मूळ लेखाचा पत्ता. वैद्यकातली बरीच जर्नल्स हे आकडे लेखात येतील त्या क्रमाने मागतात. मध्ये एक वाक्य घुसवलं की पुढचे सगळे आकडे सरकतात. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. पण सॉफ्टवेअर दिलेला पत्ता फक्त नीट मांडून देतं. तो खरा आहे का, हे माणसालाच बघावं लागतं.

हा लेख डॉ. मृणालचा होता. मृणाल भोपाळमधल्याच पिपलानीची, तिचे बाबा आणि माझा भाऊ एकाच कारखान्यात होते. आता ती एका सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या विभागात होती. झटके येत असताना इमर्जन्सीत आणलेल्या मुलांना काय उपचार द्यावेत, यावर तिने लिहिलं होतं. जर्नलला मजकूर आवडला होता. रेफरन्स मात्र अस्ताव्यस्त होते, ते सुधारून शुक्रवारपर्यंत पाठवा असं कळवलं होतं. तिचा लेक्चररच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होता आणि त्याआधी हा लेख स्वीकारला जायला हवा होता.

मी तिला फोन केला.

"मृणाल, चौदा नंबरच्या लेखाची पीडीएफ आहे का तुझ्याकडे?"

"नाही काकू. तो फार जुना आहे. सगळे तोच कोट करतात."

"तू वाचलायस?"

"ज्या लेखातून घेतला, तो वाचलाय."

हल्ली कॉम्प्युटरकडून लिहून घेतलेल्या लेखांत अस्तित्वातच नसलेले रेफरन्स येतात. तसं काही आहे का, असं मी सरळ विचारलं. तिला ते लागलं. "एकेक शब्द मी लिहिलाय, काकू," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला.

रेफरन्स ज्या वाक्याला जोडला होता ते असं होतं: औषधाच्या पहिल्या डोसने झटका थांबला नाही, तर तोच डोस लगेच पुन्हा देणं लहान मुलांमध्ये सुरक्षित आहे. वाक्य इतकं महत्त्वाचं नसतं तर मी मार्जिनमध्ये शेरा मारून पुढे गेले असते.

दुसऱ्या दिवशी तिच्या विभागप्रमुखांचा, डॉ. चतुर्वेदींचा फोन आला. लेखावर त्यांचंही नाव होतं.

"मैडम, आप बस फॉरमैटिंग कर दीजिए. कंटेंट हम देख लेंगे."

"सर, पता गलत है. गलत पता कैसे फॉरमैट करूँ?"

"तो हटा दीजिए."

"फिर वो वाक्य किसके भरोसे रहेगा?"

"शुक्रवार तक चाहिए," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी उलट्या दिशेने निघाले. मृणालने ज्या लेखातून रेफरन्स घेतला होता, त्यात 'लहान मुलांमध्ये सुरक्षित' असंच होतं. त्याने तो एका आधीच्या लेखातून उचलला होता. तिथे 'सर्व वयोगटांत' असं होतं. त्याच्याही आधीच्या लेखात नुसतं 'रुग्णांमध्ये'. आणि या सगळ्यात जुन्या लेखात व्हॉल्यूमचा, म्हणजे जर्नलच्या खंडाचा, नंबर वेगळा होता. पुढे कुणीतरी टाइप करताना दोन आकड्यांची अदलाबदल केली होती, आणि नंतरच्या सगळ्यांनी तीच चूक उतरवली होती. म्हणजे मूळ लेख त्यांच्यापैकी कुणी उघडलेलाच नव्हता.

बरोबर नंबरचा व्हॉल्यूम ऑनलाइन नव्हता. मी जुन्या लायब्ररीत रईसभाईंना फोन लावला. आम्ही एकत्र नोकरी केलेली.

"पुराने बाउंड वॉल्यूम हैं या रद्दी में गए?"

"हैं मैडम. आ जाइए, धूल झाड़ के रखता हूँ."

मी लायब्ररीत गेले, मृणाल ड्यूटी संपवून स्कूटरवर थेट तिथेच आली. लेख सापडला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला. अभ्यासातले सगळे रुग्ण प्रौढ होते. शेवटी एक वाक्य होतं. लहान मुलांचा यात समावेश नाही, त्यांच्यासाठी वेगळा अभ्यास व्हायला हवा.

"काकू, आमच्या इमर्जन्सीच्या भिंतीवर हाच प्रोटोकॉल लावलाय," ती म्हणाली. प्रोटोकॉल म्हणजे कुठल्या रुग्णाला कशानंतर काय द्यायचं याच्या सूचना. "खाली हाच रेफरन्स आहे. दुसरा डोस मी स्वतः दिलाय."

"काही त्रास झाला होता कुणाला?"

"एका मुलाचा श्वास मंदावला होता. आम्हाला वाटलं, आजारामुळे. असेलही तसं. पण आता मला माहीत नाही."

पानाची झेरॉक्स घेऊन ती निघाली. मला म्हणाली, "तुम्ही पण चला. कुठून आणलंस म्हणून विचारतील."

प्रोटोकॉल डॉ. चतुर्वेदींनीच लावलेला होता. आम्ही हॉस्पिटलात त्यांच्या खोलीत गेलो आणि मृणालने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इतने साल से दे रहे हैं, मृणाल."

"दे रहे हैं सर, पर पीछे मुड़कर देखा किसी ने नहीं. पुराने केस पेपर मैं निकालती हूँ. तब तक दूसरे डोस से पहले सीनियर को बुलाना ज़रूरी कर दीजिए."

"और शुक्रवार का क्या?"

"जाने दीजिए. पहला नाम मेरा है सर. ये वाक्य मैं नहीं भेजूँगी."

आवाज न चढवता तिने झेरॉक्सचा कागद त्यांच्यापुढे धरला. सरांनी तो घेतला आणि बराच वेळ वाचला. मग इंटरकॉमवर सिस्टरना भिंतीवरचा कागद काढायला सांगितलं आणि दुसऱ्या डोसआधी आपल्याला फोन करायची सूचना दिली. आमच्याकडे न बघता म्हणाले, "जर्नल को एक्सटेंशन के लिए लिखो. मैं साइन करता हूँ."

जर्नलने मुदत वाढवली नाही. इंटरव्ह्यूला मृणाल त्या लेखाशिवाय गेली आणि जागा दुसऱ्याला मिळाली. तिची आई माझ्याशी काही दिवस तुटक बोलत होती. मृणाल मात्र सुट्टीच्या दिवशीही रेकॉर्ड रूममध्ये बसून जुने केस पेपर तपासत राहिली. दुसऱ्या डोसनंतर श्वास मंदावलेली मुलं तिच्या आठवणीतल्यापेक्षा जास्त निघाली. वेळेवर ऑक्सिजन मिळाल्याने ती सगळी सुखरूप घरी गेली होती, म्हणून कुणी खोलात गेलं नव्हतं. तिने त्यावरच नवा लेख लिहिला, डॉ. चतुर्वेदींनी त्यावर सही केली, आणि दुसऱ्या एका जर्नलने तो छापला. पुढच्या वेळी जागा निघाली तेव्हा ती लेक्चरर झाली. इमर्जन्सीत आता नवा प्रोटोकॉल आहे.

आता मी काम घेतानाच सगळ्या रेफरन्सच्या पीडीएफ मागते. काही डॉक्टर हे ऐकून दुसरीकडे जातात. जाऊ देत.